घरमालकांचं कंबरडं

शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे हल्ली नवं कापड येतच नव्हतं. लोक जुनेच कपडे आणायचे, तेही कंबर आत घ्यायला. एका सकाळी घरमालक भाडं वाढवल्याचं सांगायला आले. आलोच आहोत तर म्हणून घट्ट झालेली पँटही घेऊन आले.

"काय करणार मावशी, महागाईनं कंबरडं मोडलंय."

मावशींनी त्यांच्या कंबरेला टेप लावली. "मोडलेलं दिसत नाही. चांगलं दोन इंच वाढलंय."

घरमालक ओशाळले, पण भाडं काही उतरवलं नाही. मग मावशींनीही शिलाई दुप्पट सांगितली.

"नुसती कंबर सैल करायला एवढे?"

"आत घ्यायचा दर जुनाच आहे," मावशी म्हणाल्या. "सैल करणारं गिऱ्हाईक तुम्ही एकटेच."

कुरकुरत का होईना, ते पँट ठेवून गेले.