उशाशी निळा क्रेट

"सायेब, ही मशीन घेऊन जावा. मला झोपेत बुडून मरायचं न्हाई."

फोनवर बालाजी कांबळे होता. मूळचा नांदेडकडचा, आता राहायला काळेवाडीत. चाकणच्या एका कंपनीची स्टाफ बस चालवतो. त्या वेळी 'चालवायचा' म्हणावं लागत होतं. सिग्नलला गाडी उभी असताना त्याचा स्टेअरिंगवरच डोळा लागला आणि मागून अख्खी बस ओरडली तेव्हा तो जागा झाला. तपासणीत निघालं की झोपेत त्याचा श्वास सारखा अडकतो, त्यामुळे रात्रभर झोपूनही झोप होत नाही. म्हणून मशीन आलं. नाकावर मास्क, मास्कला नळी आणि नळीतून हवेचा हलका दाब, म्हणजे घसा मिटत नाही. रोज पूर्ण झोपभर वापरलं तरच परत गाडी, असं कंपनीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तोवर बालाजी यार्डात दुसऱ्या ड्रायव्हरांना चाव्या वाटत होता.

ही मशीनं बसवून देणं आणि रुसलेल्या पेशंटना परत मास्कपाशी आणणं, हे माझं काम. मी स्वतःही घोरतो. बायकोच्या मते इतका हक्काचा पेशंट मला अख्ख्या रहाटणीत दुसरा सापडणार नाही.

"बुडून म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"नाकात पाणी यायलंय. आधी नळीत गुडगुड करतंय, मग थेंब. दचकून उठतो अन् मास्क काढून फेकतो."

हे कशामुळे होतं ते सांगतो. मशीनला पाण्याची एक छोटी टाकी असते. तिच्याखालची पट्टी पाणी कोमट करते आणि हवा त्यावरून ओलावा घेऊन नाकात जाते. ओलावा नसेल तर घशाला कोरड पडते. पण ही कोमट, ओली हवा गार नळीतून गेली की नळीत पाणी सुटतं. गार ताकाच्या ग्लासला बाहेरून सुटतं, इथं आतून.

थंडीत बालाजीनं घसा सुकतो म्हणून तक्रार केली होती. तेव्हा मी फोनवरच ऐटीत सांगितलं होतं, ओलावा वाढवा. थोड्या दिवसांनी परत तेच. आता मे महिना होता, घरात कूलर लागला होता आणि माझा वाढवलेला ओलावा तसाच होता. मी तितक्याच ऐटीत म्हणालो, "अगदी कमी करून टाका."

दुसऱ्या दिवशी फोन. "सायेब, घशाचं लाकूड झालंय."

आमच्या मॅनेजर मोहिते मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान आणि बोलायला दुप्पट वेगवान. त्या म्हणाल्या, "आतून गरम राहणारी नळी येते ना? ती द्या, विषय संपला."

"स्टॉकमध्ये नाही, मॅडम. आणि डॉक्टर पुढच्या आठवड्यात मशीनमध्ये नोंदलेला वापराचा रिपोर्ट बघणार आहेत."

"मग फोनवर काय बसलाय? घरी जा ना!"

गुरुवारी गेलो. बालाजीच्या कंपनीची सुट्टी गुरुवारीच. एक खोली आणि स्वयंपाकघर. दिवाणावर त्याची आई बसलेली. बालाजी आणि त्याची बायको सुनीता खाली गादीवर झोपतात. आणि मशीन? मशीन शोकेसच्या सगळ्यात वर, टीव्हीच्याही वर, क्रोशाचं फुलाफुलांचं कव्हर घालून विराजमान. तिथून नळी घसरगुंडीसारखी खाली बालाजीच्या नाकापर्यंत, आणि कूलरचं तोंड बरोबर नळीवर. पाणी तरी दुसरीकडे कुठं जाणार?

"वहिनी, हे खाली ठेवायचं. झोपणाऱ्याच्या डोक्यापेक्षा खाली. आणि कव्हर काढा, त्याला हवा आत घ्यायची असते."

"जमिनीवर?" सुनीताताई दचकल्याच. "श्वास देणारी वस्तू हाय, भाऊ. येता-जाता पाय लागंल."

"बरं, मग बालाजी दिवाणावर झोपेल."

बालाजी माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई खाली अन् मी वर?"

"झोपते की रं मी खाली," आजी म्हणाल्या. "गाडी गेल्यापासून लेकरू धड बोलंना झालंय."

"आई, तू गप. न्हाई म्हणजे न्हाई."

मशीनचं मॅन्युअल मला पाठ आहे. मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवा, असं त्यात आहे. लिहिणाऱ्याच्या घरी सगळेच पलंगावर झोपत असणार. जमिनीच्या खाली मशीन कसं ठेवायचं, हे त्यात नाही.

मशीन खाली जात नसेल तर माणूस वर घ्यायचा. पाहुण्यांसाठीच्या दोन गाद्या बालाजीच्या गादीखाली घातल्या. पायाचा प्रश्न राहिला. स्वयंपाकघरात कांद्याचा निळा क्रेट दिसला. कंपन्यांत पार्ट ठेवतात तो, जाळीच्या बाजूंचा. आमच्या भागात घरटी एक निघतोच. कांदे काढले, क्रेट पुसून उशाशी ठेवला. मशीन आत. हवा खेळती, पाय बाहेर. नळीला आजींनी दिलेल्या जुन्या स्वेटरची बाही चढवली, कूलरचं तोंड फिरवलं, ओलावा मधोमध आणला.

मी खूश. बालाजी मात्र हाताची घडी घालून उभा.

"लई झालं बोलणं, सायेब. आता तुमी झोपून दाखवा."

बॅगेत डेमो मशीन आणि माझा मास्क होता. माझी झोप त्याच्या रिपोर्टात नको, म्हणून क्रेटमध्ये ते ठेवलं, बाही त्याच्या नळीला चढवली, ओलावा तितकाच लावला आणि आडवा झालो. त्याआधी वहिनींनी ज्वारीची भाकरी, वरण आणि ठेचा आग्रहानं वाढला होता, हे इथं नोंदवून ठेवतो. पाच मिनिटं पडून दाखवायचं, एवढाच बेत होता.

पुढचं मला नंतर कळलं. मोहिते मॅडमचा फोन आला. सुनीताताईंनी उचलला.

"साहेब झोपलेत. उठवू का?"

"कुठे झोपलेत?"

"आमच्याकडं. गादीवर. जेवून."

मला जाग आली तेव्हा टीव्हीचा आवाज बंद होता, आजी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि बालाजी उकिडवा बसून माझ्या नाकाकडे टक लावून बघत होता.

"मास्क काढा बघू." त्यानं नळी उलटी करून झटकली. बोट आत फिरवलं. "कोरडी हाय." मग नळी खाली ठेवत म्हणाला, "अन् घोरला बी न्हाईत."

त्या रात्रीपासून त्यानं मास्क फेकला नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, आणखी काही दिवस थांबवून परत पाहिला आणि बालाजीला गाडी दिली. मॅडमनी माझ्या व्हिजिटपुढे शेरा मारला : 'डेमो समाधानकारक. जरा जास्तच.'

मीही रीतसर तपासणी करून घेतली. आता आमच्याकडेही एक मशीन आहे. आम्ही पलंगावर झोपतो, त्यामुळे मॅन्युअल तंतोतंत लागू पडतं.

कधीकधी सकाळी सिग्नलला माझ्या स्कूटरशेजारी स्टाफ बस येऊन थांबते. वरून टवटवीत आवाज येतो, "सायेब, झोप झाली का?" त्याच्या मागे अख्खी बस हसते. मी हेल्मेटची काच खाली ओढतो.

फोनवर मी आता ओलाव्याचा आकडा सांगत नाही. आधी विचारतो, मशीन कुठं आहे आणि तुम्ही कुठं झोपता. आणि व्हिजिटला जाताना घरून जेवून जात नाही. पेशंटकडे जेवण झालं की मात्र आडवा न होता लगेच निघतो.