विमानाच्या पंखावरचं चित्र
नातवाने खेळणं जोडायला प्लास्टिकचा गोंद उघडला आणि त्या उग्र वासाने मला बहात्तरच्या दुष्काळातलं मंठ्याचं आमचं घर आठवलं. धाकटा भाऊ काविळीने अंथरुणाला खिळला होता. मुंबईच्या मामाने पाठवलेलं खेळण्यातलं छोटं विमान त्याने पडल्यापडल्याच तसल्याच गोंदाने जोडलं होतं. पंखांवरची गोल चित्रं तेवढी पाण्यात भिजवून बसवायची राहिली होती. विहीर आटलेली, टँकर कधीमधीच यायचा. भांडं विसळायला घोटभर पाणी जास्त घेतलं तरी माय अंगावर धावून यायची. "माय, वाटीभर पाणी पाह्यजे," तो म्हणाला. मला वाटलं, आता माय चिडणार. पण ती मुकाट्याने उठली आणि प्यायच्या माठातून काठोकाठ वाटी भरून तिने त्याच्यापुढे ठेवली. भिजलेलं चित्र कागदावरून सुटलं, तसं त्याने पिवळ्या पडलेल्या बोटाने ते पंखावर सरकवलं. "अक्का, बराबर बसलं का?" "बिलकुल बराबर," मी म्हणाले. दुसरं लावायला त्याचा हात उठेना, ते मी लावलं. माय दाराकडे तोंड करून बसली होती. त्याच आठवड्यात तो गेला. नात्यातले अजून म्हणतात, पोर अचानक गेलं. पण मायने न रागावता पाणी दिलं, तेव्हाच मला कळून चुकलं होतं.