सोंगटी हलली होती

सकाळचा चहा गाळत होते, तेव्हा वहिनींचा फोन आला. "वन्सं, हे गेले ओ..." एवढंच म्हणाल्या. मग, "पलूला तुम्हीच सांगा. माझ्यानं व्हायचं न्हाय." माझा थोरला भाऊ हिंदुराव, आमचा दादा, कित्येक महिने अंथरुणाला खिळलेला होता. त्यामुळं बातमीचा धक्का नव्हता. पण त्याच्या एकुलत्या मुलीला, हातकणंगल्याला दिलेल्या पल्लवीला, फोन लावण्याआधी मी गाळलेला चहा मोरीत ओतून दिला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कधी नेणार?" मी म्हटलं, "तू येईपर्यंत थांबतो की." "थांबू नका, आत्या. ठरल्या वेळेला न्या. त्यांस्नी उशीर चालायचा न्हाय." आम्ही तरीही थांबलो. ती आली नाही.

राजारामपुरीत दादाचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. पण जिल्ह्यात त्याला ओळखायचे ते कॅरमचा पंच म्हणून. स्पर्धा कुठलीही असो, पंचाच्या खुर्चीत दादा आहे म्हटल्यावर खेळाडू बाही सोंगटीला लागू नये म्हणून बाह्या दुमडून बसायचे. लहानपणी मी तापात असताना तो माझं मन रमवायला कॅरम घेऊन बसायचा, आणि माझं बोट चुकून सोंगटीला लागलं की तशा तापातही दंड घ्यायचा. मी रडले की म्हणायचा, "रडून सोंगटी जागेवर जाती व्हय?" पल्लवीला कॅरम त्यानंच शिकवला. दुकान बंद केल्यावर रोज बापलेक समोरासमोर बसायची. ती त्याला हरवायला लागली तेव्हा दादा गल्लीभर सांगत सुटला होता.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी ती जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचली. जिंकणारी राज्याच्या संघात जाणार होती. घरी स्थळ सांगून आलेलं, आणि बापलेकीत करार झालेला... संघात गेली तर लग्नाचं नाव काढायचं नाही, नाही गेली तर त्याच उन्हाळ्यात उरकायचं. ऐन वेळी नेमलेला पंच आजारी पडला. समोर वारणानगरच्या कॉलेजची श्रेया होती. तिच्याच सरांनी सुचवलं, "हिंदुराव बसू देत. लेकीलासुद्धा सोडायचे नाहीत." सर हसत म्हणाले होते.

शेवटच्या डावात पल्लवीची एकच सोंगटी उरली होती, श्रेयाच्या दोन. पल्लवी नेम धरायला वाकली आणि तिच्या ओढणीचं टोक बोर्डावर टेकलं. मी दुसऱ्या रांगेत होते, मला काही दिसलं नाही. दादा म्हणाला, "फाऊल. सोंगटी हलली." म्हणजे पल्लवीची घेतलेली एक सोंगटी परत बोर्डावर यायची आणि खेळी श्रेयाकडे जायची. श्रेया उठूनच उभी राहिली. "काका, मला न्हाय दिसली हललेली. माझी तक्रारच न्हाय. खेळू दे की तिला."

"तक्रार तुझी नसंल. खुर्चीत मी हाय."

श्रेया खाली बसली आणि तिनं स्ट्रायकर सरळ रिकाम्या कोपऱ्याकडं लावला. सगळ्यांना कळलं, पोरगी खेळी परत देतेय. दादानं टेबलावर बोट आपटलं. "मुद्दाम चुकलीस तर दोघींस्नी बाद करीन." श्रेयानं रडत रडत दोन्ही सोंगट्या घेतल्या. पल्लवी रडली नाही. तिनं श्रेयाशी हात मिळवला, मग वडिलांपुढं हात केला आणि म्हणाली, "थँक्यू, पंच."

त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. मी दादाशी भांडले, पुढच्या वर्षी खेळेल की ती परत! "शब्द झालाय. तिनंच हातावर हात मारलाय," तो म्हणाला. सासरची माणसं वाईट नव्हती. जनावरं होती, दुधाचा धंदा होता, पहाटेपासून राबणं होतं. पहिल्या दिवाळीला दादा फराळाचा डबा घेऊन गेला, तर पल्लवीनं दारातूनच नवऱ्याला हाक मारली, "अवो, पावणं आल्यात. च्या ठेवते." स्वतःच्या बापाला... परत येताना दादा माझ्या घरी थांबला, हे सांगितलं आणि डबा माझ्याच ओट्यावर विसरून गेला. डबा उघडलेलाही नव्हता. पुढं दर दिवाळीला तो जात राहिला आणि पाहुण्यासारखा चहा पिऊन येत राहिला.

आजारपणात मी त्याला म्हटलं होतं, "दादा, एकदा तिला म्हण की चुकलं म्हणून. येईल रे ती." त्यानं भिंतीकडं तोंड केलं. "चुकलं न्हाय तर कसं म्हणू? हलली होती गं सोंगटी."

पल्लवी तेराव्याला आली. दादाच्या खोलीत खाटेच्या पायथ्याशी एक नवा बोर्ड उभा करून ठेवलेला होता. अंतिम सामन्याच्या आदल्या आठवड्यात दादानं तो आणला होता, राज्याच्या स्पर्धेची तयारी घरी करता यावी म्हणून. त्यावर कुणी कधी खेळलं नाही. हात चालत होते तोवर दादा तो रोज पुसायचा, पावडर टाकायचा, परत पुसायचा. वहिनींनी हे सांगितलं तेव्हा पल्लवीनं बोर्ड दोन्ही हातांनी उचलून वजन बघितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "टेम्पोत घाला." वहिनींचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला.

गेल्या आठवड्यात मी हातकणंगल्याला गेले होते. पल्लवी गोठ्यात होती. पेंडीच्या पिंपावर तो बोर्ड आडवा टाकलेला होता. खालच्या जाळ्या कापून टाकलेल्या, चारी भोकांत गोणपाटाचे बोळे कोंबलेले. "झाकण बेस झालंय, आत्या," ती म्हणाली. "उंदरांचा तरास गेला." मी फळीवर हात फिरवला. दादानं वर्षानुवर्षं पुसलेली ती फळी अजून काचेसारखी गुळगुळीत होती... मी हात काढेपर्यंत पल्लवी थांबली. मग तिनं त्यावर दगड ठेवला.