मॅनेजर पाण्यात उतरले त्याची गोष्ट

मरिनात साठ बोटींची सोय आहे, असं फाटकावरचा फलक सांगायचा. फलक खोटं बोलत नव्हता. फक्त त्यातल्या पन्नासेक जागांपर्यंत नेणारा धक्का अधूनमधूनच शिल्लक होता. गरम पाण्याचे शॉवर होते, पाणी नव्हतं. डिझेलचा पंप होता, त्यात चिमण्यांनी संसार थाटला होता. आणि या सगळ्या वैभवावर देखरेख करायला मॅनेजर होते.

मॅनेजर मूळचे पाणबुडे. अठरा वर्षांपूर्वी मरिना बांधताना धक्क्याचे लाकडी खांब तळाशी बसवणाऱ्या टोळीत ते होते. पुढे कंपनीचे साहेब एकेक करून शहरात परतले. शेवटच्या साहेबांनी जाताना किल्ल्यांचा जुडगा, शिक्का आणि टोपी कुणाच्या तरी हातात द्यायची म्हणून यांच्या हातात दिली, आणि पाणबुड्याचा मॅनेजर झाला. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी पाण्याला पाय लावला नव्हता. "मॅनेजरने पाण्यात उतरायचं नसतं," असं ते सांगत. कान दुखतो, हे सांगत नसत. ते त्यांची बायको सांगायची, कुणी विचारलं नसलं तरी.

दरवर्षी ते खांबांच्या तपासणीचा अहवाल मुख्य कार्यालयाला पाठवत. तपासणी खुर्चीत बसून, खिडकीतून होई. 'सर्व खांब सुस्थितीत.' पाण्याच्या वर दिसणारा हातभर भाग खरोखरच सुस्थितीत होता.

एका दुपारी कोपऱ्यातला वायरलेस खरखरला.

"अहो, तुमचं यंत्र बोलायला लागलंय!" बायको ओरडली.

मॅनेजरांनी आधी टोपी घातली, मग बटण दाबलं. पलीकडे एका बाईंचा खणखणीत आवाज होता. शिडाची बोट आहे, दोघंच आहोत, चार दिवस थांबायचंय, जागा मिळेल का?

मॅनेजरांनी खिडकीबाहेर बघितलं. एक कलंडलेली होडी आणि सतरा बगळे. "सध्या जरा गर्दी आहे," ते म्हणाले. "तरी अकरा नंबरला करतो काहीतरी."

बोट आत आली. सुकाणूवर भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि पुढच्या टोकाला, दोर हातात घेऊन, त्यांचे यजमान. मरिनाच्या तोंडाशीच बोटीचं इंजिन गुदमरलं, बोट आडवी होत आली आणि धक्क्याला टेकली. धक्क्याच्या दोन फळ्यांनी पाहुण्यांच्या स्वागताला पाण्यात उडी घेतली.

"इंजिनाच्या पंख्यात दोर अडकलाय," बाई म्हणाल्या. "इथे पाण्यात दोर कोणी सोडला?"

"मरिनाचाच आहे. सुरक्षेसाठी लावलाय."

"कोणाच्या?"

यावर मॅनेजरांनी नोंदणीचा फॉर्म पुढे केला.

"फॉर्म नंतर. आधी पाणबुड्या मिळेल का?"

"मुख्य कार्यालयाकडे अर्ज करावा लागेल. पंधरा दिवस धरा."

"अहो बाई, पाणबुड्या तुमच्यासमोरच उभा आहे," मॅनेजरांची बायको मागून म्हणाली. "टोपी घालून."

मॅनेजरांनी तिच्याकडे असं बघितलं, की दुसरी एखादी गप्प बसली असती. बाईंनी तोवर सुरी काढली होती. "राहू दे, मीच उतरते," म्हणत त्या चपला काढू लागल्या. खालचे खिळे, तारा, गंजलेले पत्रे मॅनेजरांना पाठ होते. त्यांनी मुकाट्याने टोपी बायकोच्या हातात दिली, सुरी मागून घेतली आणि उतरले.

दोर चार दमांत सुटला. वर येण्याआधी टेकायला म्हणून त्यांनी जवळच्या खांबावर हात ठेवला, तर बोटं भिजल्या पावात जावीत तशी आत गेली. लाकूड किड्यांनी पोखरून चाळणी झालं होतं. ते दुसऱ्या खांबाकडे गेले. मग तिसऱ्या. वर येऊन दम घेत, पुन्हा खाली जात त्यांनी सगळी रांग चाचपली.

बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कान ना?" बायकोने विचारलं.

"खांब गेलेत."

"कुठे गेलेत?"

"कुठे जाणार? उभ्या जागीच गेलेत." मग हळूच म्हणाले, "माझ्या हातचे होते गं."

बायकोने टोपी खाली ठेवली आणि पदराने त्यांचं डोकं पुसलं.

मॅनेजरांनी तासाभरात बोट धक्क्यावरून हलवून मोकळ्या पाण्यात नांगरायला लावली, धक्क्यावर जायची वाट दोर बांधून अडवली आणि अहवाल लिहिला: 'एकही खांब धड नाही. नऊ वर्षं मी न बघता सही केली.' एरवी वर्षभर न बोलणाऱ्या मुख्य कार्यालयाने तिसऱ्या दिवशी उत्तर धाडलं: 'अहवाल मिळाला. खांब सुस्थितीत राखल्याबद्दल अभिनंदन.'

त्यानंतर दोन दिवसांनी, वाऱ्याची झुळूकही नसताना, धक्क्याचा मधला भाग दमलेल्या माणसासारखा पाण्यात आडवा झाला. कुणाला खरचटलंही नाही. बगळे तेवढे नाराज झाले.

मॅनेजर काठावर बराच वेळ बसून राहिले. बाई छोट्या होडीतून आल्या आणि विद्यार्थ्याला विचारावं तसं विचारलं, "आता काय करायचं ठरवलंय?"

"बोटीला काही धक्काच लागतो असं नाही," मॅनेजर म्हणाले. "तळाशी भक्कम वजन आणि त्याला साखळी असली, तरी पुरते."

चार दिवसांसाठी आलेली बोट तीन आठवडे राहिली. यजमानांनी काँक्रीट कालवलं, त्याबद्दल मॅनेजरांच्या बायकोने हजार सूचना दिल्या आणि त्यांनी एकही ऐकली नाही. मॅनेजरांनी पाच ठोकळे तळाशी बसवले आणि साखळ्यांना पिंपं बांधून वर तरंगत ठेवली. कुणाची परवानगी घेतली नाही. मागितली असती, तर कदाचित अभिनंदनच आलं असतं. शेवटच्या आठवड्यात दोन दिवस वादळ झालं. बाईंची बोट एका पिंपाला बांधलेली होती. ती नाचली, पण जागची हलली नाही.

निघायच्या दिवशी मॅनेजर होडी वल्हवत बोटीसोबत मरिनाच्या तोंडापर्यंत गेले. बायकोही बसली होती. इतकी वर्षं तिथे राहून तिने मरिना बाहेरच्या बाजूने कधी बघितला नव्हता.

"इथून बरा दिसतो हो," ती म्हणाली.

शीड लहान होईपर्यंत दोघं तिथेच थांबली.