जावयांनी केलेली सोय

आमच्या चिपळूणकडे चार माणसांत संडासाला संडास म्हणत नाहीत. लग्नाला गेलं, जत्रेला गेलं, की बायका एकमेकींच्या कानाशी लागून विचारतात, "काय गं, सोय आहे का?" सोय म्हटलं की समजतं. माझा सगळा जन्म या शब्दाच्या आडोशाने गेला. त्यात वय झालं, लागली की धरवेना, आणि कुठेही जायचं म्हटलं की आधी सोयीची चौकशी करायची वेळ आली.

अशी मी कुवेतला लेकीकडे राहायला आले. रिग्गईत त्यांचा फ्लॅट. लेक नर्स, जावई दवाखान्यांतली मशिनं दुरुस्त करणारे. आज या हॉस्पिटलात, उद्या त्या. सगळं काम गाडीवर. "लायसन्स गेलं की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की बोऱ्याबिस्तरा गुंडाळून सगळे घरी," हे ते स्वतःच म्हणायचे. सिग्नल पिवळा दिसला की थांबणारा माणूस.

अरबी मला एकच शब्द येतो, हमाम. म्हणजे संडासच. लेकीने आल्या आल्या घोटवून घेतला. बाहेर अडचण आली की मी तो कुजबुजत विचारायची, पण जावई बरोबर असले तर तेवढंही नाही. जावयासमोर सासूने असलं काही बोलायचं? छे! त्यांच्याबरोबर बाहेर पडायचं असलं की मी सकाळपासून घोटभर पाण्यावर राहायची.

थंडीत इथली माणसं वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात. लेकीच्या हॉस्पिटलातल्या मंडळींनीही बेत केला. जावयांकडे एक जुना कॅम्पर आहे. कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली, गाडीमागे जोडून ओढायची. आत दोन बाकं, एक शेगडी. सोय नाही. मी म्हटलं, मला नाही बाई ती वाळू सोसत, गुडघे धरतात, मी आपली घरी बरी. लेक आधी चिडली, मग तिच्या लक्षात आलं. आणि तिने काय करावं? नवऱ्याला सांगितलंन मेलीने!

आदल्या संध्याकाळी जावयांनी मला खाली बोलावलं. गाडीमागे कॅम्पर, आणि कॅम्परच्या मागे आणखी एक छोटा ट्रेलर. त्यावर निळी फायबरची खोली, दाराला कडी. कॅम्परच्या मागच्या लोखंडाला वर्कशॉपमधून हूक वेल्ड करून आणलं होतं. जावयांचा चेहरा नुसता फुललेला.

"आई, तुमची सोय केली," ते म्हणाले.

तोच शब्द, आणि त्यांच्या तोंडून! वर गॅलऱ्यांतून शेजारी बघत होते. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. एवढं केलं त्या माणसाने, मी दोन गोड शब्द बोलले का? "कशाला मेला एवढा खटाटोप," असं पुटपुटून मी लिफ्टकडे वळले.

लेक ड्युटीवर निघताना त्यांना म्हणाली, "अहो, एका गाडीमागे एकच ओढायचं. दोन चालत नाहीत. पकडलं तर लायसन्स घेतील."

"शुक्रवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. दोन फेऱ्या मारायला लागलो तर दिवस त्यातच जाईल. हळू नेतो ना."

हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं. 'ते राहू दे, मला नको,' एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण त्यासाठी त्या खोलीचं नाव काढावं लागलं असतं. मी निमूटपणे धपाट्यांचं पीठ मळत राहिले.

सकाळी निघालो. लेक दुपारी ड्युटी संपवून परस्पर येणार होती. पुढे जावई, त्यांच्या मागे मी, माझ्या शेजारी नात कानात हेडफोन घालून. मला गाडी लागते म्हणून माझ्या बाजूची काच अर्धी खाली. गावाबाहेर पडलो तसा वारा सुटला. मागच्या वजनाने कॅम्परचं शेपूट दबलं होतं आणि गाडीकडचं तोंड हलकं झालं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की मागून सारखे हिसके बसताहेत. एक मोठा ट्रक गेला आणि सगळी वरात हेलकावली.

तेवढ्यात डावीकडून एक पांढरी पिकअप आली. आत लाल चौकड्याचं फडकं डोकीला बांधलेला उतारवयाचा कुवेती. त्याने काच खाली केली, आमच्या शेपटाकडे बोट दाखवलं, तळहात खालीवर हलवला आणि ओरडला, "श्वै! श्वै!"

मी ऐकलं, सोय! सोय!

अहो, माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. परक्या मुलखात, भर रस्त्यात, हा दाढीवाला माझी सोय दाखवून ओरडतोय! याला कुणी सांगितलं, हा शब्द याला आला कुठून, असला काही विचार सुचला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पदर डोक्यावरून तोंडावर ओढला.

"काय म्हणतोय तो, आई?" जावयांनी आरशातून विचारलं. त्यांची काच बंद होती.

आता त्यांना मी तो शब्द सांगू?

"काही नाही," मी म्हटलं. "पुढे जा म्हणतोय. तुम्ही काढा गाडी लवकर."

सासूचा शब्द. त्यांनी वेग वाढवला.

मग मागून जे धाडधाड सुरू झालं! निळी खोली एकदा या आरशात दिसे, एकदा त्या आरशात. तिच्या ओढीने कॅम्पर, कॅम्परच्या ओढीने आमची गाडी, सगळंच डुलायला लागलं. नात किंचाळली. मी देवाचा धावा केला. जावयांनी ब्रेक मारला नाही, नुसता पाय वर घेतला आणि स्टिअरिंग घट्ट सरळ धरून बसले. गाडी मंदावत मंदावत कडेच्या वाळूत थांबली. आम्ही तिघं धड होतो. मागचा ट्रेलर हुकावरून सुटून साखळीला लोंबकळत होता.

पिकअपवाला थांबला. त्याच्या पाठोपाठ पोलिसांची गाडी आली. तरणा पोलीस उतरला, फेरी मारून बघितलं, आणि आधी हात पुढे केला तो लायसन्ससाठी. जावयांनी ते काढून दिलं.

म्हातारा पोलिसाला हातवारे करून काही सांगू लागला. नात शाळेत अरबी शिकते. मी तिला विचारलं, "काय गं म्हणतो?"

"ही सेज, त्याने स्लो जायला सांगितलं होतं. श्वै श्वै. मीन्स हळूहळू, आजी."

हळूहळू. जावयांनीही ते ऐकलं. एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

पोलिसाने त्यांना दरडावून विचारलं. नात हळूच सांगत गेली. हा माणूस हळू म्हणत असताना वेग का वाढवलास? जावई म्हणाले, मला ऐकू आलं नाही. दोन ट्रेलर का जोडलेस, त्या खोलीत काय आहे? जावई म्हणाले, सामान.

सामान! खरं सांगितलं असतं तर पोलीस कदाचित विरघळला असता. पण माझी लाज राखायला हा माणूस आपली नोकरी त्या पोलिसाच्या मुठीत सोडून उभा होता. आणि मी गाडीत पदराआड! मला माझीच अशी किळस आली की दार उघडून मी तडक उतरले.

"हमाम," मी म्हटलं. पोलिसाला कळलं नाही म्हणून आणखी मोठ्याने, "हमाम!" निळ्या खोलीकडे बोट केलं आणि मग स्वतःची छाती थोपटली. "माझं आहे. त्यांचं नाही. सांग गं यांना, आजीला धरवत नाही म्हणून बाबाने आणलं. आणि पुढे जा म्हणून मीच सांगितलं."

नातीने सगळं सांगितलं. जावयांचे कान लालबुंद झाले. पोलिसाने बुटांकडे बघत लायसन्स परत केलं, पण एक बोट वर करून, गाडी एक, मागे एक. ते हूक आजच्या आज कापून टाक. निळा ट्रेलर म्हाताऱ्याने आपल्या पिकअपला जोडून न्यायचा ठरला.

तो जोडून झाला तरी मी तिथेच उभी. भीतीने म्हणा, थंडीने म्हणा, मला आता पाऊल उचलवेना. म्हाताऱ्याच्या लक्षात आलं. त्याने दाराची कडी काढून दिली. तिघेही पुरुष रस्त्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी ट्रेलरच्या पायरीवर पाय ठेवला. तो हलला. दांड्याला धरून मी "अगं आई" म्हटलं, तशी म्हाताऱ्याने मान न वळवताच हाक दिली, "श्वै श्वै, युम्मा."

मला आता समजत होतं. तरी मी विचारलं, "काय म्हणतायत ते?"

"सावकाश, म्हणतायत," पाठमोरे जावई म्हणाले. "घाई करू नका, आई."