लाभ, दोन, तीन

पनवेलजवळच्या आमच्या शेतावर दुपारी उभी राहिले की आपण जाग्या आहोत की झोपेत, याची मला आजही खात्री वाटत नाही. उलव्याकडच्या क्रेन धुरकट उन्हात विरून गेलेल्या असतात. डोक्यावरून विमान जातं, त्याचा आवाज ओसरतो आणि बांधावरचं गवत पुन्हा ऐकू येतं. उरलंय एवढंच: कौलारू घर, समोरचं खळं आणि भाताची दोन खाचरं. हे विकायचं नाही, असं भावाने आणि मी ठरवलं. घराचं संग्रहालय करायचं आणि खळं गावाला मोकळं ठेवायचं, पोरांना, बायकांना, कुणालाही.

मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे चिठ्ठ्या लिहिण्याची हौस दांडगी. अख्खा पावसाळा मी त्या घरात तरंगत होते. भात साठवायच्या कणगीत डोकं घातलं की तळाशी जुना वास अजून होता. आईचं इरलं पाठीवर घेतलं आणि खुळ्यासारखी किती वेळ तशीच उभी राहिले, कुणास ठाऊक. प्रत्येक वस्तूला नंबर दिला, खाली सुवाच्य अक्षरात माहिती लिहिली. पहिला नंबर अधोलीचा, म्हणजे भात मोजायच्या लाकडी मापाचा.

राहिली वकिलांनी केलेल्या संमतीच्या कागदावर आत्याची सही. वडिलांच्या पिढीतली ती एकटीच उरलेली, जमिनीत तिचाही हिस्सा. ती नाही म्हणाली तर सगळं तिथेच संपणार होतं. आणि मी तिला गृहीत धरून बसले होते. तिला बेलपाड्याला दिलेली. सासरच्या शेतावर आता इमारती आहेत. ती कशाला नाही म्हणेल?

कार्तिकात ती आली. चपला खळ्याबाहेर काढल्या, आत गेली आणि बोट लावून चिठ्ठ्या वाचू लागली. "या मापाने भात मोजत असत. यात भात साठवलं जात असे. इथे झोडणी होत असे." मग दाराशी येऊन म्हणाली, "असे, असे, असे. सगला मेल्यावानी लिवलंस, बाय. मी हाय ना अजून?"

"आत्या, संग्रहालयात असंच लिहितात."

"मंग मना पन टांग खुटीला. मी सही करनार नाय."

ती रिक्षात बसून निघून गेली. मला भयंकर राग आला. एवढं राबून वर माझ्याच व्याकरणात चुका काढते! राग उतरल्यावर ओसरीवर बसून चिठ्ठ्या वाचल्या. एकाही वाक्यात ती नव्हती. मला रडू आलं.

खाचरांतलं भात कापून ठेवलं होतं, झोडायला यंत्र सांगितलं होतं. यंत्र नको म्हणून कळवलं आणि आत्याला फोन केला. "झोडणी खळ्यावर करायचीय. मला येत नाही."

"खला सारवलास?"

"नाही."

"मंग उद्या येतंय."

पुढचे तीन दिवस मला नीट आठवत नाहीत, गोड झोपेतले आठवत नाहीत तसे. शेणाचा ओला वास, पेंढ्याची उन्हात तरंगणारी धूळ, भारे आपटणाऱ्या गावातल्या बाया, जवळच्या सोसायट्यांतून बघायला आलेली आणि नंतर कंबर कसून उतरलेली माणसं. शेवटी मधोमध रास पडली. आत्याने अधोली मागवली, नखाने माझी चिठ्ठी खरवडली आणि माप भरलं.

"एक," मी म्हणाले.

तिने माप तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. "एक नाय म्हनायचा. पयला लाभ." मग पुन्हा, सुरात, "लाभ. दोन. तीन."

वडील असेच मोजायचे. लहानपणी दर सुगीला कानावर पडलेलं हे मी विसरले, आणि नेमक्या त्याच मापावर '१' डकवून बसले.

मोजणी झाल्यावर आत्याने स्वतःच कागद मागितला. हिस्सेदारांच्या यादीत वयाने मोठी म्हणून तिचं नाव सर्वांत वर होतं, आधी '१'. तिने तो आकडा खोडला, शेजारी वळणदार अक्षरांत 'लाभ' लिहिलं आणि मगच सही केली.

वकिलांनी कपाळाला हात लावला, कागद रद्द करून दुसरा केला. रद्द झालेला माझ्या कपाटात आहे. काचेत लावायचा म्हटलं तर आत्या म्हणाली, "आता नको. मी हाय अजून."