डबीवरची सुंदराबाई

लालबागच्या ललिताबाई परब यांच्या फोटोला गेली पन्नास वर्षं हार घातला जातोय. त्या स्वतः धडधाकट आहेत. ही विसंगती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. ती वेळ आणली एका वेबसाइटच्या नावाने.

त्यांची आई सुंदराबाई काळं दंतमंजन कुटून गिरणीच्या दारात विकायची. धाकट्या भावाच्या, रघुच्या बाळंतपणात ती गेली. वडील तात्या डब्यांवर तिचा फोटो छापणार होते. पण तिने जन्मात फोटो काढलेला नव्हता. तात्यांनी एकोणीस वर्षांच्या ललिताला आईचं लुगडं नेसवलं, नथ घातली, कानशिलांवर पावडर फासली आणि परळच्या स्टुडिओत बसवलं. फोटोग्राफरने तोंड मिटून बसायला सांगितलं, दात कोवळे दिसत होते. तेव्हापासून दंतमंजनाच्या डबीवर दात न दाखवणारी बाई आहे. गिऱ्हाइकांची कधी तक्रार आली नाही.

तोच फोटो मोठा करून तात्यांनी भिंतीवर लावला. रघु त्याच्याकडे बघून ‘आई’ म्हणायला शिकला. त्याला वाढवलं ललिताबाईंनीच, पण त्या ताई. पुढे पावडरचं काम वयाने हातात घेतलं. कानशिलं पिकली, गाल बसले, आणि आरशात डबीवरची बाई दिसू लागली. त्या आरशापुढे फार थांबत नाहीत.

लग्नानंतर मंजन त्याच कुटत राहिल्या. सून प्रिती वेबसाइट काढायला गेली तर ‘सुंदराबाई’ हे डोमेन रघुमामाने आधीच घेतलेलं. ट्रेडमार्कही त्याचाच, नाव आणि चेहरा दोन्ही. उभ्या आयुष्यात त्याने खलबत्त्याला हात लावला नव्हता. आता तो सगळं एका कंपनीला विकणार होता. त्याच्या वकिलाची नोटीस आली, की आमच्या दिवंगत मातोश्रींचं नाव व छायाचित्र वापरणं तात्काळ थांबवावं. म्हणजे ललिताबाईंचं मंजन बंद.

गिरगावातल्या वकिलाने सांगितलं, डोमेन हवं तर लवादापुढे हक्क दाखवावा लागेल. तुमच्याकडे काय आहे?

“फोटोत मी आहे,” ललिताबाई म्हणाल्या.

प्रितीने सासूकडे पाहिलं, मग पर्समधून डबी काढून तिच्यावरच्या बाईकडे पाहिलं. वकील मात्र खुलला. जिवंत माणसाचा चेहरा त्याच्या संमतीवाचून नोंदवता येत नाही, त्यामुळे रघुनाथरावांचा ट्रेडमार्कच डळमळीत. त्याने प्रतिज्ञापत्र तयार केलं. सही तेवढी राहिली. ललिताबाई म्हणाल्या, नवमी होऊ दे.

पितृपक्षातल्या अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. रघुकडे ही सवाष्ण दरवर्षी ललिताबाईच. वकिलाची नोटीस एकीकडे, जेवणाचं आमंत्रण एकीकडे. रघुला त्यात काही वावगं वाटलं नाही. परळच्या टॉवरमधल्या त्याच्या घरी फोटोसमोरच पाट मांडला होता. रघुच्या बायकोने ओटी भरली. रघुने फोटोला हार घातला, मग वाकून ताईच्या पायाला हात लावला. बराच वेळ तो उठलाच नाही.

“तायडे,” तो म्हणाला, “तू आता अगदी आईसारखी दिसायला लागलीस.”

“लागणारच.”

“मी तिला बघितलंच नाही गं. एवढा फोटोच काय तो.”

ललिताबाईंनी त्याच्या खांद्यावरून समोर पाहिलं. हारातली एकोणीस वर्षांची मुलगी तोंड मिटून बसली होती. त्यांनी पानातल्या वड्याचा तुकडा मोडून रघुच्या हातावर ठेवला आणि जेवून घेतलं.

सही त्यांनी केली नाही. वकिलाने फोनवर बरंच समजावलं. प्रिती आठवडाभर कामापुरतं बोलली. डोमेन कंपनीकडे गेलं. ललिताबाई आता बिननावाच्या पुड्या बांधतात. जुनी गिऱ्हाइकं विचारतात, बाईचा फोटो का काढला?

गेल्या महिन्यात कंपनीची वेबसाइट सुरू झाली. प्रितीने मोबाइल सासूसमोर धरला. नथ तीच, लुगडं तेच; पण आजकाल फोटोलाही हलवता येतं. सुंदराबाईंनी मान कलती केली, ओठ उघडले आणि त्या हसल्या. दात पांढरेशुभ्र होते. आईचे तसे नव्हते, ललिताबाईंचेही कधी नव्हते.

तेवढ्यात रघुचा फोन आला.

“तायडे, आई हसली. बघितलंस?”

ललिताबाईंनी तोंड मिटून घेतलं होतं. ते उघडायला थोडा वेळ लागला.

“बघितलं,” त्या म्हणाल्या.